पाच व्होल्टांची साक्ष

मे महिन्यात सोलापूरकडे शेततळं खोदणाऱ्या एखाद्या जुन्या पोकलेन मशीनला स्कॅनर लावावा आणि त्यावर इंजिनच्या कूलंटचं तापमान उणे ४० अंश दिसावं, असं खरोखर घडतं. बाहेर ४२ अंशांचं ऊन, बॉनेटवर हात ठेववत नाही, आणि स्कॅनर मात्र आपल्या आकड्यावर ठाम. बघणारा साहजिकच म्हणतो, सेन्सर गेला. नवा सेन्सर मागवला जातो, बसवला जातो, आणि आकडा जागचा हलत नाही. कारण उणे ४० हे तिथलं तापमान नव्हतंच. वाटेत कुठेतरी तार तुटली आहे, एवढंच तो आकडा सांगत होता.

हे कसं घडतं ते एकदा उमगलं की जुन्या मशीनच्या इंजिनाकडे बघण्याची नजरच बदलते. वीस टनांचं धूड, एका खेपेला जवळपास एक घनमीटर माती उचलणारी बकेट, आणि या सगळ्या ताकदीला किती डिझेल द्यायचं याचा निर्णय पाच व्होल्टांच्या आत होतो. मला यात विलक्षण आनंद वाटतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे चिखलात, ग्रीसमध्ये आणि दगडाच्या भुकटीत रोज कामाला जुंपलेला असतो.

पूर्वी असं नव्हतं. कोमात्सूच्या पीसी २००-७ मध्ये डिझेलचा पंप यांत्रिक होता. नंतरच्या पीसी २००-८ मध्ये कॉमन रेल आली. हिताचीच्या झेडएक्स २००-३ मध्ये इसुझूचं ४एचके१ हे कॉमन रेलचंच इंजिन आहे. तंत्र त्याआधीच रुळलेलं होतं. डेन्सोची कॉमन रेल १९९५ मध्ये हिनोच्या ट्रकवर आली, बॉशची १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत. यांत्रिक पंपाच्या इंजिनाचं दुखणं जाणता मेकॅनिक आवाजावरून, धुराच्या रंगावरून आणि पाइपाला हात लावून ओळखायचा. कॉमन रेलच्या इंजिनात कान आणि नाक पुरत नाहीत. तिथे एका जाड पोलादी नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं, दीड-दोन हजार बारपर्यंत. दोन हजार बार म्हणजे नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर दोन टनांचा भार. त्यातून प्रत्येक सिलिंडरला कधी आणि किती डिझेल सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, ठरवतो, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजून. ही मशीनं आता दहा-पंधरा वर्षांची होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचली आहेत. त्यांचं लोखंड धडधाकट असतं. कटकट होते ती सेन्सर आणि वायरिंगची.

ईसीयूला तापमान कळत नाही, दाब कळत नाही, वेगही कळत नाही. त्याला फक्त व्होल्टेज मोजता येतं. बाकी सगळं त्या व्होल्टेजवरून काढलेलं अनुमान असतं. दाबाच्या बहुतेक सेन्सरांना तीन तारा असतात: पाच व्होल्टांचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. दाब शून्य असेल तेव्हा सिग्नलही शून्य व्होल्ट असावा, असं कुणालाही वाटेल. तसं ठेवलेलं नसतं. शून्य दाबाला साधारण अर्धा व्होल्ट आणि कमाल दाबाला साडेचार. खालचा अर्धा व्होल्ट आणि वरचा अर्धा व्होल्ट मुद्दाम रिकामा सोडलेला असतो. निरोगी सेन्सर त्या दोन पट्ट्यांत कधीच पाऊल टाकत नाही. तार तुटली, पुरवठ्याला चिकटली किंवा अर्थला घासली, की सिग्नल थेट कुठल्यातरी एका टोकाला जाऊन बसतो, आणि ईसीयूला कळतं की हे मोजमाप नव्हे, हा बिघाड आहे. ‘दाब शून्य आहे’ आणि ‘मला काहीच सांगता येत नाही’ ही दोन उत्तरं केवळ अर्ध्या व्होल्टाच्या मोकळ्या जागेमुळे वेगळी ओळखता येतात. ज्या कुणाला हे प्रथम सुचलं त्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

मॉनिटरवर येणारा कोड याच भाषेत बोलतो. अवजड वाहनांच्या जे-१९३९ या पद्धतीत कोडचे दोन भाग असतात. पहिला एसपीएन, म्हणजे कुठल्या मोजमापाबद्दल तक्रार आहे: ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०० म्हणजे ऑइलचा दाब, १५७ म्हणजे रेलमधला दाब, १९० म्हणजे इंजिनाचा वेग. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार कसली आहे. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडून देतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज असायला हवं त्याहून जास्त, ४ म्हणजे कमी. हे दोन आकडे विजेच्या वाटेबद्दल बोलतात: तार, पिन, कपलर किंवा सेन्सर. एफएमआय ० म्हणजे मोजमाप विश्वासार्ह आहे आणि ते धोक्याच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलं आहे. १ म्हणजे धोक्याच्या खालच्या मर्यादेखाली. ‘११०-३’ आला तर मल्टिमीटर काढा. ‘११०-०’ आला तर इंजिन ताबडतोब बंद करून रेडिएटरकडे जा, कारण सेन्सर खरं सांगतो आहे, पाणी खरोखर उकळायला आलं आहे. एका अंकाच्या फरकाने सगळी दिशा बदलते. काही कंपन्यांचे मॉनिटर स्वतःच्या पद्धतीचे कोड दाखवतात, पण आतला भेद हाच असतो.

आता तो उणे ४० चा सेन्सर जवळून पाहू. बोटाएवढं पितळी धड, दोन पिना, आणि आत एक बारीक मणी. हा मणी मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांपासून भाजून केलेला असतो. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. हा मणी तापला की त्याचा रोध झपाट्याने कमी होतो. उलट वागणारे असे पदार्थ असतात हे मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना पाहिलं होतं. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना रोध सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना १८६ च्या आसपास असतो. ईसीयूच्या आत पाच व्होल्ट आणि या तारेच्या मध्ये एक ठरावीक रोध बसवलेला असतो. हिशेबासाठी तो २,२०० ओहमचा धरू. पाच व्होल्ट या दोघांत वाटले जातात. गार इंजिनात मण्याच्या वाट्याला २.६६ व्होल्ट येतात, उकळत्या पाण्यात ०.३९. तार तुटली तर वाटणीच होत नाही, पूर्ण पाच व्होल्ट मोजले जातात. एवढा मोठा रोध म्हणजे अतिथंड पाणी, म्हणून मोजपट्टीचं शेवटचं टोक, उणे ४०, आणि जोडीला एफएमआय ३.

यातूनच या धंद्यातली सर्वांत देखणी तपासणी निघते. पैसा लागत नाही, सुटा भाग लागत नाही. स्विच ऑन, इंजिन बंद. तापमानाच्या सेन्सरचा कपलर काढा. स्कॅनरवर एफएमआय ३ यायला हवा. मग कपलरमधल्या दोन पिना छोट्या तारेने जोडा. आता रोध शून्य, म्हणजे एफएमआय ४ यायला हवा आणि तापमान पट्टीच्या वरच्या टोकाला जायला हवं. दोन्ही वेळा ईसीयूने बरोबर उत्तर दिलं तर ईसीयूपासून कपलरपर्यंतची अख्खी वाट शाबूत आहे. दोष सेन्सरात किंवा त्याच्या पिनांत. उत्तर बदललंच नाही, तर कितीही नवे सेन्सर आणा, काही फरक पडणार नाही. वायरिंग शोधायला लागा. एक ताकीद: हे दोन तारांच्या तापमान सेन्सरपुरतं. तीन तारांच्या सेन्सरमध्ये पाच व्होल्टांची तार चुकून अर्थला लावली तर इतर सेन्सरही आंधळे होतात.

तुटलेली तार पकडणं सोपं. खरी कसोटी लागते ती अर्धवट बिघाडाची. समजा कपलरच्या पिनेवर हिरवा गंज चढला आणि त्याने वाटेत १०० ओहमचा रोध वाढवला. गार इंजिनात २,५०० चे २,६०० झाले, म्हणजे जेमतेम एका अंशाचा फरक, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण पाणी १०० अंशांवर पोचलं की १८६ चे २८६ होतात, आणि २८६ ओहम म्हणजे या मण्याच्या भाषेत साधारण ८५ अंश. इंजिन शंभरीला टेकलेलं, आणि मॉनिटरवरचा काटा निवांत हिरव्यात. कोड नाही, दिवा नाही, कारण ०.५८ व्होल्ट हे इथे अगदी सभ्य उत्तर आहे. गंजाचा तोच ठिपका सकाळी निरुपद्रवी असतो आणि भर दुपारी, ब्रेकर दगडावर चालत असताना, हेड गॅस्केटच्या जिवावर उठतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत थरारक गोष्ट हीच वाटते. जुन्या मशीनमध्ये कोड नसणं ही तब्येतीची हमी नव्हे, ती या हिशेबामुळे.

मग असं खोटं पकडायचं कसं? एका साक्षीदाराला दुसऱ्यासमोर उभं करून. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनात कूलंट, इंजिनात जाणारी हवा आणि डिझेल, तिघांचं तापमान पहाटे जवळपास सारखंच असतं, आजूबाजूच्या हवेइतकं. स्विच ऑन करून, स्टार्टर न मारता, हे आकडे शेजारी शेजारी वाचले की जो फटकून वागतो तो लगेच दिसतो. तेलाचा दाब शून्य हवा. रेलचा दाब शून्य हवा. टर्बोनंतरच्या हवेचा सेन्सर निरपेक्ष दाब दाखवत असेल तर तो बाहेरच्या हवेइतका हवा: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. बंद इंजिनातला एक सेन्सर आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहोत हे सांगू शकतो. अनेक ईसीयू स्वतःच अशी पडताळणी करतात, पण गंजाच्या ठिपक्याने उठवलेली गरम इंजिनातली अफवा थंड सकाळी दिसत नाही. त्यासाठी इंजिन तापवून वरच्या होजच्या टोकाशी इन्फ्रारेड थर्मामीटर धरावा आणि तो आकडा मॉनिटरशी ताडून बघावा. पाच-सात अंशांचा फरक चालेल, पंधरा-वीसचा नाही.

रेलच्या दाबाचा सेन्सर याहून नवलाचा. त्यात पोलादाचा एक पातळ पडदा असतो. दोन हजार बारखालीही तो केसाच्या जाडीपेक्षा कमी वाकतो. त्या पडद्यावर रोधाचे चार पट्टे बसवलेले असतात. वाकताना काही ताणले जातात, काही आवळले जातात. ताणलेल्या तारेचा रोध बदलतो हे विल्यम थॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ मध्ये नोंदवलं होतं. आणि चार रोधांची ती चौकट म्हणजे आपण प्रयोगशाळेत पाहिलेला व्हीटस्टनचा सेतू, जो मुळात सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये मांडला आणि व्हीटस्टननी १८४३ मध्ये सर्वांपर्यंत पोचवला. सेतूतून निघणारा फरक काही मिलिव्होल्टांचा. सेन्सरच्या डोक्यातच तो वाढवून अर्धा ते साडेचार व्होल्टांत बसवला जातो.

आता हिशेब करा. दोन हजार बार चार व्होल्टांत मावतात, म्हणजे एका बारला फक्त दोन मिलिव्होल्ट. सेन्सरच्या अर्थची पिन ढिली असेल आणि तिथे एक दशांश व्होल्ट अडकला, तर ईसीयूला ५० बार जास्त दिसतात. बंद पडलेल्या, थंड इंजिनात रेलचा दाब ५० बार दाखवत असेल तर तो भुताटकीचा दाब नव्हे, बहुधा अर्थची ढिली पिन किंवा थकलेला सेन्सर आहे. उलट खरा दाब अपुरा असताना हा सेन्सर सगळ्यांत जास्त बळी जातो. मशीन लोड घेत नाही, बूम उचलताना आरपीएम पडतो, कोडात ‘रेल प्रेशर कमी’, आणि सेन्सर बदलला जातो. पण स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन्ही आकडे असतात. स्टार्टर मारताना दाब साधारण २०० बारपर्यंत चढायलाच वेळ लागतोय, लोडवर मागणी १,४०० ची आणि हातात ९००, असं असेल तर सेन्सर प्रामाणिकपणे वाईट बातमी देतो आहे. ड्रममधून आलेल्या डिझेलमधलं पाणी, तुंबलेला फिल्टर, सक्शन लाइनमधून येणारी हवा, पंपाच्या तोंडाशी अडकणारा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह, परतीच्या नळीला जास्त डिझेल सोडणारे थकलेले इंजेक्टर, ही खरी यादी. आधी स्वस्तातल्या गोष्टी तपासाव्यात: फिल्टर, वॉटर सेपरेटर, नळ्यांचे जोड. आणि चालू इंजिनात रेलचा पाइप कधीही सैल करू नये, गळती शोधायला बोट लावू नये. या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टोचल्याएवढी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रियेची बाब असते. यांत्रिक पंपाच्या काळात पाइप ढिला करून हवा काढण्याची ज्या हातांना सवय आहे, त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे.

वेगाचा सेन्सर तर काळ मोजतो. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चकती फिरते. बॉशच्या प्रचलित रचनेत साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. जपमाळेत मेरुमणी हाताला लागला की फेरी पुरी झाली हे न बघता कळतं. त्या रिकाम्या जागेचं काम तेच. १,८०० आरपीएमला सेकंदाला ३० फेऱ्या, म्हणजे १,७४० दात सेन्सरसमोरून जातात. क्रँक एक अंश फिरायला ९३ मायक्रोसेकंद. एवढ्या अवधीच्या आधारावर ईसीयू डिझेलचा क्षण ठरवतो. दोन तारांच्या प्रकारात चुंबकाभोवती गुंडाळी असते, आणि दात सरकला की फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाने तिच्यात वीज उमटते. तीन तारांच्या प्रकारात एडविन हॉल यांना १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यात सापडलेला परिणाम वापरतात.

पहिल्या प्रकाराचा एक गुण जुन्या मशीनवाल्यांनी लक्षात ठेवावा. त्याचा सिग्नल वेगाबरोबर वाढतो. बॅटरी उतरलेली, स्टार्टर रडतखडत फिरतोय, तर सिग्नल इतका क्षीण येतो की ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. कोड सेन्सरचा येतो, दुखणं बॅटरीचं असतं. दुसरं, त्याच्या टोकाला चुंबक असल्याने लोखंडाचा कीस चिकटतो. कधीकधी सेन्सर काढून फडक्याने पुसणं हीच दुरुस्ती ठरते. आणि तासभर काम करून मशीन एकदम बंद पडतं, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखं सुरू होतं, असं असेल तर गुंडाळीची तार गरम झाल्यावर आतून तुटते आणि गार झाली की जुळते, ही शंका सर्वांत आधी घ्यावी. अशा वेळी मीटर लावायचा तो बंद पडल्या क्षणी. गार झाल्यावर मीटरही ‘सगळं ठीक’ म्हणतो.

कधी मॉनिटरवर एकदम चार-पाच कोड ओळीने येतात: रेल, बूस्ट, तेल, थ्रॉटल. मालकाच्या पोटात गोळा येतो. खरं तर ही बऱ्याचदा चांगली बातमी असते. अनेक सेन्सर पाच व्होल्टांच्या एकाच पुरवठ्यावर असतात. त्यातल्या एकाची तार इंजिनच्या ब्रॅकेटवर घासून अर्थ झाली, की पुरवठा कोसळतो आणि सगळेच मुके होतात. एक एक कपलर काढत जा आणि पाच व्होल्टांवर नजर ठेवा. ज्याचा कपलर काढल्यावर व्होल्टेज परत उभं राहतं, तोच गुन्हेगार. मशीनमधले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन पिळाच्या तारांची, म्हणजे कॅन बसची, तपासणीही अशीच सुटसुटीत आहे. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणलेल्या या पद्धतीत दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. बॅटरी तोडून दोन तारांमध्ये मीटर धरला तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोध सुटला किंवा तार मध्येच तुटली.

आणि तारा का तुटतात? मशीनचं आयुष्य पाहिलं तर त्या इतकी वर्षं टिकतात याचंच आश्चर्य वाटतं. ब्रेकरचे हादरे, कोकणातली खारी हवा आणि चिऱ्याची लाल धूळ, प्रेशर वॉशरचं पाणी थेट कपलरवर, पावसाळ्यात उभ्या मशीनमध्ये उंदरांचा मुक्काम, आणि आधीच्या मालकाने पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड. बकेटचा दात लावताना बॅटरी न तोडता केलेलं वेल्डिंग तर एका ठिणगीत सेन्सर आणि ईसीयू दोन्ही घालवू शकतं. वायरिंग तपासताना मीटरच्या ‘बीप’वर भिस्त ठेवू नये. वीस तंतूंच्या तारेतला एक तंतू शिल्लक असला तरी बीप वाजतो. ईसीयूला वीज पुरवणाऱ्या आणि अर्थच्या तारा कपलर काढून २४ व्होल्टांच्या, २१ वॉटच्या दिव्यावर तपासाव्यात. जवळपास एक अँपिअर वाहू लागला की अर्धमेली तार लगेच उघडी पडते, दिवा मंद होतो. हा दिवा सेन्सरच्या सिग्नलच्या तारांना मात्र लावायचा नाही. तिथे स्कॅनरवर आकडा बघत हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने हलकेच हलवत जायचं. ज्या जागी आकडा उडी मारतो तिथे कात्री लावायची.

जुन्या मशीनच्या बाजारात यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. कुणी तापमानाच्या सेन्सरऐवजी दोन रुपयांचा रोध कपलरमध्ये खोचून काटा कायम हिरव्यात ठेवला असेल, तर मशीन दुपारी फिरवून दाखवताना ते कळणार नाही. पण ठरावीक रोधाला सकाळ-दुपार समजत नाही. रात्रभर उभ्या मशीनचा स्विच ऑन करताच कूलंट ८२ अंश दिसलं, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मेमरी एकदम कोरी करकरीत असणंही शंकास्पद. आठ-दहा हजार तास चाललेल्या इंजिनात एकही जुनी नोंद नाही, याचा अर्थ बहुधा कालच कुणीतरी ती पुसली. अनेक ईसीयू कोडबरोबर तो कोणत्या तासाला प्रथम आला, शेवटचा कधी आला आणि किती वेळा आला हेही जपून ठेवतात. त्या तासांचा मॉनिटरवरच्या तासांच्या मीटरशी मेळ बसतो का, हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून जुनं पोकलेन बघायला जाणार असाल तर मालकाला आदल्या संध्याकाळीच फोन करून विनंती करा, आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका. सोबत स्कॅनरवाला आणि साधा मीटर न्या. पहिली पाच मिनिटं स्टार्टर मारू देऊ नका. फक्त स्विच ऑन करून तापमानं आणि दाब वहीत उतरवा. मग सुरू करा, तापू द्या, लोडवर घ्या आणि तेच आकडे पुन्हा लिहा. कोड, मशीनचे तास आणि तो कोड किती वेळा आला, हे तिन्ही लिहून होईपर्यंत कुणालाही मेमरी पुसू देऊ नका.